हबीब तनवीर : ‘नाचा’च्या कलावंतांना त्यांच्याच बोलीत बोलू देणारा दिग्दर्शक

१९५८ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन आणि अर्धा युरोप पालथा घालून आलेला एक दिग्दर्शक घरच्यांना भेटायला रायपूरला आला होता. आपण ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेच्या मैदानावर आज रात्री नाचा आहे, असं त्याच्या कानावर आलं. सहज म्हणून तो गेला. रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत रंगला आणि हा गृहस्थ काही जागचा हलला नाही. खेळ संपला तसा तो थेट कलावंतांकडे गेला आणि माझ्यासोबत दिल्लीला नाटक करायला येता का, असं विचारून मोकळा झाला.

हा दिग्दर्शक म्हणजे हबीब तनवीर. त्या रात्री जुळलेलं नातं त्यांनी २००९ मध्ये डोळे मिटेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं निभावलं.

हबीब तनवीर म्हटलं की आपल्याला ‘चरणदास चोर’ आठवतं, ‘आग्रा बाजार’ आठवतं, ओठांत धरलेला तो पाइप आठवतो. त्यांच्या पद्म पुरस्कारांबद्दलही बरंच लिहून झालंय. पण ज्यांच्या जिवावर ही नाटकं उभी राहिली ते खेड्यातले कलावंत कोण होते, त्यांना सोबत घेताना तनवीर यांच्या हातून सुरुवातीला केवढी मोठी चूक झाली आणि ती उमगायला किती वर्षं लागली, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. खरं तर त्यांच्या आयुष्याचं मर्म तिथेच आहे.

नाचा आणि आपली गंमत

नाचा हा शब्द मराठी कानाला थोडा फसवतो. तमाशातला ‘नाच्या’ वेगळा आणि छत्तीसगडचा ‘नाचा’ वेगळा. तिकडे नाचा हे अख्ख्या कलाप्रकाराचंच नाव. सुगी आटोपली, गावात लग्नसराई किंवा जत्रा असली की नाचाची मंडळी येणार. मंच नाही, पडदा नाही. गावकरी गोल करून बसणार आणि मधल्या मोकळ्या जागेत रात्रभर नाच, गाणी आणि नकला. पूर्वी वाजवणारे उभ्यानेच वाजवायचे. तबला कमरेला बांधलेला, हातात चिकारा, जोडीला मंजिरे, आणि उजेडाला मशाल. या जुन्या पद्धतीला ‘खडे साज’ म्हणतात. पुढे हार्मोनियम आली, गॅसबत्त्या आल्या आणि साजिंदे खाली बसले.

बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यांना ‘परी’ म्हणतात. विदूषक तो ‘जोक्कड’. आणि या सगळ्यात जी नकल किंवा छोटं नाटक होतं, त्याला तिकडे नाव आहे ‘गम्मत’! विदर्भातल्या वाचकांना इथे लगेच आपली खडी गंमत आठवेल. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर कित्येक वर्षं होता, भंडारा-गोंदियापलीकडे तर तो मुलूखच सुरू होतो. शब्द आणि कला सीमेवर थोड्याच अडतात?

नाचा करणारे लोक मात्र सगळे हातावर पोट असलेले. शेतमजूर, गुराखी, धोबी, केवट, सतनामी, देवार. देवार ही भटकी जमात. नाचणं-गाणं हाच त्यांचा पिढीजात उद्योग. पुढे नाचामध्ये बाया येऊ लागल्या त्यात देवार समाजातल्या मुली आघाडीवर होत्या. रात्री ज्यांच्या गाण्यावर सगळं गाव डोलायचं, त्यांनाच दिवसा गावाच्या कडेला राहावं लागायचं. तमाशातल्या कलावंतांचं जिणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हाफिजसाहेबांचा मुलगा

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ चा, रायपूरचा. वडील हाफिज मुहम्मद हयात खान मूळचे पेशावरचे. घरात दीनदार वातावरण, नाटक-सिनेमाला फारशी पसंती नाही. पण थोरले भाऊ कालीबाडीच्या नाटकांत बायकांची कामं करायचे आणि धाकटा हबीब ती पाहून भारावून जायचा. मामा लोकांची खेड्यात जमीनदारी होती. सुट्टीत तिकडे गेलं की बायकांची, शेतावरची, सणावाराची गाणी कानावर पडायची. ती त्यांनी तेव्हाच पाठ करून टाकली होती. आपण काही जमवतोय असं तेव्हा त्यांच्या मनातही नसणार.

रायपूरच्या लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर ते पुढच्या शिक्षणासाठी आले ते आपल्या नागपूरला. तेव्हा रायपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडायचं आणि राजधानी नागपूर, त्यामुळे तिकडच्या मुलांनी इथे येणं ही रीतच होती. मॉरिस कॉलेजातून १९४४ मध्ये ते बी.ए. झाले. आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. नंतर एक वर्ष अलीगढला एम.ए. केलं, पण मन शायरीत. ‘तनवीर’ हे तखल्लुस घेतलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

१९४५ मध्ये मुंबई. आकाशवाणीत नोकरी, वर्तमानपत्रांत लिखाण, सिनेमात गाणी आणि छोटी-मोठी कामं. खरा जीव जडला तो प्रगतिशील लेखक संघ आणि इप्टा यांत. इप्टाच्या एका तालमीत त्यांना रडण्याचा प्रसंग काही केल्या जमेना, तेव्हा दिग्दर्शक बलराज साहनी यांनी सरळ थोबाडीत लगावली आणि डोळ्यांत पाणी आल्यावर आता हे लक्षात ठेव, म्हणून सांगितलं. हा किस्सा तनवीर पुढे हसत हसत सांगायचे. मुंबईतली हीच ती वर्षं, जेव्हा अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर लाल बावटा कलापथकातून तमाशाला नवं रूप देत होते. लोककलेत राजकारण सांगता येतं आणि ते कामगाराला थेट भिडतं, याचा धडा मुंबईत तेव्हा रोज गिरवला जात होता. तनवीर या सगळ्याच्या मधोमध होते.

१९५४ मध्ये ते दिल्लीला गेले आणि ‘आग्रा बाजार’ केलं. नजीर अकबराबादी हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला शायर. काकडी, तिळाचे लाडू, पतंग, होळी, ईद, अस्वलाचं पिल्लू, अशा साध्या गोष्टींवर लिहिणारा. समीक्षकांनी त्याला फार काळ शायर मानलंच नाही, पण फकिरांनी आणि फेरीवाल्यांनी त्याचे शब्द तोंडात जपले. नाटकात नजीर एकदाही मंचावर येत नाही. बाजारात ज्या काकडीवाल्याचा माल खपत नाही, तो नजीरकडून कविता लिहून आणतो, गातो आणि काकड्या हातोहात जातात. जामिया मिल्लियाचे विद्यार्थी-शिक्षक आणि ओखला गावातली माणसं एकत्र करून हे नाटक उभं राहिलं. शिकलेल्यांबरोबर गावकऱ्यांना मंचावर आणायची खोड त्यांना तेव्हापासूनची म्हणायची.

पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकले, ब्रिस्टललाही शिकले. मग युरोपात भटकत १९५६ मध्ये बर्लिनला पोहोचले, तर ज्याला भेटायचं तो ब्रेख्त काही काळापूर्वीच गेलेला. तरीही आठ महिने तिथे राहून त्यांनी त्याच्या मंडळीची नाटकं पाहिली. एवढं सगळं पाहून ते एका साध्या निष्कर्षावर आले. आपल्या मातीतलं, आपल्या बोलीतलं काही केलं नाही तर आपल्या नाटकाला काही अर्थ नाही. आणि हे डोक्यात घेऊन ते परतले, तोच रायपूरच्या मैदानावरची ती रात्र!

दिल्लीत गेलेले सहाजण

मदनलाल निषाद, ठाकुरराम, बाबूदास, भुलवाराम आणि क्लॅरिनेट वाजवणारे जगमोहन. त्यानंतर राजनांदगावच्या बाजूला पाहिलेले लालूराम. हे सहाजण दिल्लीला आले. बेगम कुदसिया जैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी तनवीर शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ हिंदीत बसवत होते, ‘मिट्टी की गाडी’ या नावाने. संस्कृत नाटकात छत्तीसगडी नाचाचे नट! दिल्लीतल्या पंडितांच्या भुवया उंचावल्या. संस्कृत नाटक म्हणजे भरजरी, संथ, गंभीर काहीतरी, असा त्यांचा समज. तनवीर यांचं म्हणणं उलटं होतं. क्षणात घर, क्षणात रस्ता, एक गोल फेरी मारली की दुसरं गाव, ही सूट संस्कृत नाटकातही आहे आणि नाचामध्येही. म्हणजे शास्त्राची चावी लोकांकडे सापडते.

प्रयोग गाजला, वादही झाला, हिंदुस्तानी थिएटर सुटलं. १९५९ मध्ये त्यांनी मोनिका मिश्रा यांच्यासोबत ‘नया थिएटर’ काढलं. मोनिका स्वतः शिकलेल्या दिग्दर्शिका. पुढे दोघांचं लग्न झालं. इथे जरा थांबून सांगायला हवं की नया थिएटर पन्नास वर्षं चाललं त्यात मोनिकाजींचा वाटा अर्ध्याहून कमी नाही. कपडे, प्रकाश, हिशेब, आजारपणं, भांडणं, वीस-पंचवीस माणसांचं खाणं-पिणं आणि प्रवास, सगळं त्यांच्या अंगावर. त्यांचं नाव पोस्टरवर लहान अक्षरात यायचं.

पण ती पहिली बारा-चौदा वर्षं ओढाताणीची होती. पैसा नव्हता, त्यामुळे कलावंत येत आणि परत गावी जात. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे दिग्दर्शकालाच काहीतरी खुपत होतं. गावात ज्या ठाकुररामच्या नुसत्या येण्याने लोक हसून लोटपोट व्हायचे, तो माणूस दिल्लीच्या मंचावर अडखळायचा. ते अंगातलं वीजेसारखं चापल्य कुठे जायचं कळेना.

बऱ्याच वर्षांनी तनवीर यांना उत्तर सापडलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. चूक कलावंतांची नव्हती, त्यांची स्वतःची होती. एक तर ते या लोकांकडून हिंदी बोलवून घेत होते. जी माणसं घरी-दारी छत्तीसगडी बोलतात, छत्तीसगडीत भांडतात, छत्तीसगडीत विनोद करतात, त्यांच्या तोंडात शहरी हिंदी कोंबली की जीभ जड होणारच. दुसरं म्हणजे लंडनला शिकलेल्या शिस्तीप्रमाणे ते मंचावर खुणा करून द्यायचे. या वाक्याला इथे उभा राहा, त्या वाक्याला डावीकडे तीन पावलं. ज्यांना वाचताच येत नाही आणि ज्यांना डावं-उजवं असा मंच कधी माहीतच नाही, जे प्रेक्षक ज्या बाजूला हसेल त्या बाजूला वळून खेळ रंगवतात, त्यांना या खुणा म्हणजे पायातल्या बेड्या होत्या.

मग त्यांनी दोन्ही सोडून दिलं. बोला तुमच्या बोलीत. हला तुम्हाला वाटेल तसं. आधी त्यांना मनासारखं खेळू द्यायचं, त्यातलं चांगलं ते नंतर पक्कं करायचं. वाचायला सांगायला जितकं सोपं वाटतं तितकं हे सोपं नाही बरं का. विलायतेत शिकून आलेल्या माणसाने आपलं शिक्षण बाजूला ठेवून अक्षरओळख नसलेल्या नटाच्या मागे जायचं, याला मोठं मन लागतं.

दिल्लीवाल्यांना छत्तीसगडी कळली!

१९७३ मध्ये रायपूरला महिनाभराची नाचा कार्यशाळा झाली. वेगवेगळ्या पार्ट्यांतले कलावंत एकत्र आले. नाचामधल्या तीन जुन्या गमती जोडून एक नाटक तयार झालं, ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’. नावातच अर्धा विनोद. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी आणि तिला सोडवायला निघालेला तिचा प्रियकर, एवढीच गोष्ट. संवाद जवळजवळ नटांनीच रचलेले, गाणी गावाकडची. नाटक दिल्लीला नेलं तेव्हा मनात धाकधूक होती की ही बोली कुणाला कळणार! पण दिल्लीकर खळखळून हसले. त्यानंतर भाषेचा प्रश्न कायमचा मिटला.

त्याच सुमारास, १९७२ ते १९७८ या काळात तनवीर राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. खासदार म्हणून जे घर मिळालं त्यात त्यांची मंडळी राहू लागली. छत्तीसगडचे शेतमजूर, गायिका, ढोलकीवाले खासदाराच्या घरात मुक्कामाला, हे दृश्य तेव्हाच्या दिल्लीला नवंच होतं. नया थिएटर आता पूर्णवेळ, पगारी मंडळी झाली. पगार फार नव्हता, सरकारी अनुदानाच्या लहरीवर सगळं चालायचं. तरी महिन्याला ठरलेली रक्कम मिळणं ही नाचामधल्या माणसासाठी मोठीच गोष्ट होती.

मग आलं ‘चरणदास चोर’. मूळ राजस्थानी लोककथा, ती विजयदान देथा यांनी लिहून काढलेली. भिलाईच्या कार्यशाळेत सतनामी कलावंतांसोबत ती आकाराला आली. सतनामी पंथ म्हणजे गुरू घासीदास यांना मानणारे, सत्य हाच ईश्वर असं म्हणणारे. चरणदास हा चोर, पण गुरूसमोर थट्टेथट्टेत चार शपथा घेऊन बसतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. कुणी विचारलंय त्याला! गुरू आणखी एक अट घालतात, खोटं बोलायचं नाही. आणि नेमकं एकेक करून सगळं त्याच्या पुढ्यात येतं. राणी स्वतः लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो, आणि जीव गमावतो. खऱ्यापायी मरणारा माणूस साधू नाही, अधिकारी नाही, तर चोर आहे. पंथी नाचाच्या ठेक्यावर सतनामी कलावंत सत्याचा महिमा गात असताना ही गोष्ट घडत जाते.

१९७५ मध्ये नाटक आलं. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी मुलांसाठी चित्रपट केला, त्यात चरणदास झाले लालूराम आणि राणी झाल्या स्मिता पाटील. १९८२ मध्ये एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. गावात ज्यांच्या हातचं पाणी काही घरांत चालत नव्हतं, त्यांचं परदेशी प्रेक्षक कौतुक करत होते. मंचावर राणी झालेल्या फिदाबाई देवार समाजातल्या. ‘बहादुर कलारिन’ या १९७८ च्या नाटकात त्यांनी मुलाच्या अनाकलनीय वासनेपुढे हतबल झालेली आई ज्या ताकदीने उभी केली, ती पाहिलेले लोक अजून विसरलेले नाहीत. अभिनयाचं शिक्षण म्हणाल तर नाचाचं मैदान.

घेतलं किती, दिलं किती

आता कौतुकाला थोडी दुसरी बाजूही पाहायला हवी. रवेली गावचे दाऊ मंदराजी, म्हणजे दुलारसिंह साव, यांनी आपली शेतीवाडी उधळून नाचा पार्टी सांभाळली आणि नाचाला वळण लावलं. अशा नामांकित पार्ट्यांतले कसदार नट उचलून दिल्लीला नेल्यामुळे गावाकडचा नाचा दुबळा झाला, ही तक्रार छत्तीसगडमध्ये आजही ऐकू येते. नाव तनवीर यांचं झालं, कलावंत गरीबच राहिले, असंही म्हटलं जातं.

ही तक्रार पूर्ण खोटी नाही. नया थिएटरमधल्या कुणाच्याही घरावर सोन्याची कौलं चढली नाहीत. अनेकांचं म्हातारपण हालाखीत गेलं. तनवीर तापट होते, तालमीत आवाज चढायचा, कलावंत रुसून गावी निघून जायचे आणि बहुतेक वेळा परतही यायचे. पण नाचाचे प्रेक्षक तेव्हा सिनेमा आणि पुढे टीव्हीही ओढून नेत होते, हेही खरं. आणि दिग्दर्शक स्वतः काही वेगळ्या ऐषारामात राहत नव्हता. मंडळीसोबत रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास, सामान उतरवण्यापासून सगळ्यात हात. माझं मत विचाराल तर, त्यांनी नाचा वाचवला असं म्हणणं अति होईल. पण नाचा करणाऱ्या माणसाला कलावंत म्हणायला त्यांनी शहराला भाग पाडलं. पोस्टरवर, पत्रिकेत, वर्तमानपत्रातल्या परीक्षणात भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम ही नावं आली. त्याआधी समीक्षकांना ही नावं ठाऊकच नव्हती.

‘पोंगा पंडित’चे दिवस

नाचामधली एक जुनी गम्मत आहे, ‘जमादारिन’ किंवा ‘पोंगा पंडित’. १९३० च्या दशकात सुखराम आणि सीताराम या नाचा कलावंतांनी ती रचली. झाडलोट करणारी एक बाई देवळात शिरते, पुजाऱ्याचा सोवळेपणा आणि त्याचा लोभ यांची तारांबळ उडते. तिने शिवलेला पैसा विटाळतो का, हा प्रश्न आला की प्रेक्षक हसून बेजार. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत हिंदू कलावंतांनी हिंदू प्रेक्षकांपुढे ही गम्मत वर्षानुवर्षं केली, कुणाला काही वाटलं नाही. जातीच्या दुखण्यावर बोट ठेवणारी गंमत महाराष्ट्रातही सत्यशोधक जलशांपासून चालत आलेली आहे.

१९९२ नंतर मात्र वारं बदललं. ती गम्मत तीच, नट तेच, पण दिग्दर्शकाचं नाव हबीब तनवीर आहे याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. २००३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात नया थिएटरचा दौरा होता. एका बाजूला फाळणीवरचं ‘जिस लाहौर नइ देख्या’, आणि दुसऱ्या बाजूला ‘पोंगा पंडित’. गावोगावी हिंदुत्ववादी संघटनांनी गोंधळ घातला, खुर्च्या फेकल्या, प्रयोग बंद पाडायचा प्रयत्न केला. तनवीर तेव्हा ऐंशीच्या घरात. पोलीस बंदोबस्तात, कधी कधी जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढेही त्यांनी खेळ केला. ‘पोंगा पंडित’ वगळा आणि बाकीचं खुशाल करा, असा सल्ला हितचिंतकही देत होते. त्यांनी मानला नाही. कारण वगळलं असतं तर ते त्यांचं नाटक वगळलं गेलं नसतं. सुखराम-सीताराम यांचं, त्या जमातीचं नाटक वगळलं गेलं असतं.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. त्या दिवसांत कलावंतांपैकी कुणी काढता पाय घेतला असता तर त्यांना दोष देता आला नसता. त्यांना परत त्याच खेड्यांत जाऊन राहायचं होतं. पण मंडळी उभी राहिली.

शेवटची वर्षं

१९९० च्या दशकात ते मंडळीसह भोपाळला स्थायिक झाले होते. २००५ च्या मे महिन्यात मोनिकाजी गेल्या. त्यानंतरही त्यांनी टागोरांच्या कथानकांवरून ‘राजरक्त’ बसवलं, अधूनमधून सिनेमात काम केलं आणि उर्दूत आत्मचरित्र लिहायला घेतलं. पुरस्कार सगळे मिळाले होते. १९६९ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९८३ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण. आत्मचरित्राचे पुढचे भाग मात्र लिहायचे राहिले. ८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८५.

त्याच वर्षी गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली. मदनलाल निषादनंतर वर्षानुवर्षं चरणदास झालेला हा नट. छत्तीसगडच्या एका खेड्यातून आलेला, नाचामध्ये ‘परी’ म्हणून नाचलेला.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छत्तीसगड सरकारने ‘चरणदास चोर’ या पुस्तकावर बंदी घातली. सतनामी समाजातल्या काही धर्मगुरूंचा आक्षेप होता की, यात गुरूंचा अवमान आहे. जे नाटक सतनामी कलावंतांनी सतनामींच्याच मैदानावर घडवलं, जे त्यांचा पंथी नाच घेऊन युरोपपर्यंत गेलं, त्याच्यावर आक्षेप यावा आणि उत्तर द्यायला दिग्दर्शक हयात नसावा! देशभरातल्या नाट्यकर्मींनी निषेध केला. जागोजागी नाटकाची वाचनं झाली.

तनवीर यांच्या पाठीमागे मुलगी नगीन यांनी मंडळी सांभाळली. त्या उत्तम गातात. लहानपणापासून याच कलावंतांच्या मांडीवर वाढल्या, त्यांचीच गाणी त्यांच्या गळ्यात बसली. जुने नट एकेक करून गेले, काही थकून गावी परतले. त्यांच्या जागी छत्तीसगडहून नवी पोरं आली, त्यांतली काही तर जुन्या कलावंतांचीच मुलं-नातवंडं. दिल्ली-भोपाळच्या मंचावर ‘चरणदास चोर’ पुन्हा लागलं, तेव्हा पंथीच्या ठेक्यावर पहिलं पाऊल टाकणारे पाय असेच कुणा शेतमजुराच्या घरचे होते.